७३० दिवस, १९८ ग्रॅम आणि साडेनऊ गुंठे

मागच्या ऑगस्टमध्ये मी आणि बायकोने इथे टेक्सासमध्ये बँकरप्सी फाइल केली. झालं, लिहून टाकलं एकदाचं. हे एक वाक्य टाइप करायला मला चार महिने लागले, कारण आपल्यात दिवाळं निघालं म्हटलं की लोक आधी आवाज खाली आणतात आणि मग हळूच विचारतात, "मग आता घराचं काय?" आणि खरं सांगू का, प्रश्न अगदी बरोबर आहे. कर्ज किती सुटलं (९४ हजार डॉलर) याच्यात कुणालाच इंटरेस्ट नसतो, उरलं काय ते हवं असतं. आणि अमेरिकेत उरतं काय हे तुम्ही कुठल्या स्टेटमध्ये राहता आणि तिथे किती दिवस राहताय यावर ठरतं, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही वकिलीणबाईंच्या ऑफिसात बसून.

तर आधीची गोष्ट पटकन सांगतो. नऊ वर्षं एडिसन, न्यू जर्सीला भाड्याने राहिलो. पुण्यातला टू बीएचके २०२२ मध्ये विकला, ते पैसे धरून ठेवले आणि १२ ऑगस्ट २०२३ ला यू-हॉल भरून ह्यूस्टनजवळ केटीला आलो. नोव्हेंबरमध्ये घर घेतलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लेऑफ. ग्रीन कार्ड झालेलं होतं म्हणून निदान साठ दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर विमान असलं काही नव्हतं. कोब्राचा, म्हणजे जुन्या नोकरीतला हेल्थ इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचा, प्रीमियम बघून डोळे फिरले, म्हटलं दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, नकोच. जूनमध्ये पित्ताशयाचं इमर्जन्सी ऑपरेशन. त्याचं बिल २२ हजार, कार्डं ६१ हजारांवर गेली आणि ११ हजारांचं पर्सनल लोन, ते मी कार्डं फेडायला घेतलं होतं. हसा. डिसेंबरमध्ये नोकरी लागली पण पगार आधीच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणजे मॉर्गेज आणि किराणा निघायचा, कार्डांचं व्याज मात्र दर महिन्याला नवीन कार्ड काढल्यासारखं वाढत होतं.

मॉर्गेजचा हप्ता आम्ही एकदाही चुकवला नाही. हे पुढे महत्त्वाचं आहे.

२७ मे २०२५ ला वकिलीणबाईंकडे गेलो. मी एक्सेल घेऊन गेलो होतो, कर्जांची, रंगीत. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला की टेक्सासमध्ये कधी आलात? मला वाटलं गप्पा मारतायत. म्हटलं दोन वर्षं होत आली. त्या म्हणाल्या, होत आली की झाली?

इथे थोडं समजावून सांगतो, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री झोप लागली असती. सामान्य माणसासाठी मेन रस्ते दोन, चॅप्टर ७ आणि चॅप्टर १३. सातमध्ये कोर्ट एक ट्रस्टी नेमतं, तो तुमच्याकडे काय काय आहे ते बघतो, कायद्याने तुम्हाला ठेवता येतं तेवढं सोडून बाकीचं विकून देणेकऱ्यांना वाटतो आणि उरलेलं बहुतेक कर्ज कोर्ट माफ करतं, चार-पाच महिन्यांत खेळ संपतो. तेरामध्ये काही विकत नाहीत, पण तीन ते पाच वर्षं दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची. घराचे हप्ते थकलेत आणि बँक घर लिलावात काढतेय अशा माणसाला तेरा हा मोठा आधार असतो, थकबाकी त्या प्लॅनमध्ये हळूहळू भरता येते. आमचे हप्ते थकले नव्हते, म्हणून आमचा डोळा सातवर. सातमध्ये जायला मीन्स टेस्ट लागते, ही २००५ च्या कायद्याने आली. फाइल करायच्या आधीच्या सहा महिन्यांचं इनकम काढायचं आणि तुमच्या स्टेटमधल्या तेवढ्याच मोठ्या कुटुंबाच्या मीडियनशी, म्हणजे अगदी मधल्या इनकमशी, ताडून बघायचं. आम्ही चौघं, मीडियनच्या खाली होतो. पगार कमी झाला याचा आयुष्यात एकदाच फायदा झाला तो इथे.

पण सगळं घोडं अडतं ते "ठेवता येतं तेवढं" या तीन शब्दांपाशी. याला एक्झेम्प्शन्स म्हणतात. बँकरप्सी कोर्ट फेडरल म्हणजे केंद्राचं, कायदा फेडरल, पण काय ठेवता येतं याची यादी मात्र प्रत्येक स्टेटची आपापली. फेडरलची पण एक यादी आहे, पण ती वापरू द्यायची की नाही हे स्टेटच्या हातात. फ्लोरिडा म्हणतं आमचीच वापरा. टेक्सास, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया म्हणतात दोन्हीतली कुठलीही एक घ्या, मिक्स करायची नाही. कॅलिफोर्निया फेडरल यादी नाही म्हणतं पण स्वतःच्याच दोन याद्या देतं.

आणि याद्या तरी कशा, एकीचा पायपोस दुसरीच्या पायात नाही. पेनसिल्व्हेनियाच्या यादीत घरासाठी वेगळं काही नाहीच, कुठल्याही मालमत्तेला लावता येईल अशी रक्कम आहे ती ३०० डॉलर. तीनशे! न्यू जर्सीतही राहत्या घराला स्टेटचं संरक्षण नाही, म्हणून तिथले लोक बहुतेक फेडरल यादीच धरतात. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून घराचा आकडा काउंटीतल्या घरांच्या मीडियन किमतीला बांधलाय. फ्लोरिडात शहरात अर्धा एकर, शहराबाहेर १६० एकर, आणि त्यावरचं घर कितीही कोटींचं असो. आणि टेक्सास म्हणजे टेक्सासच, शहरात १० एकरांपर्यंत राहतं घर, किंमत कितीही, हात लावायचा नाही. गावाकडे कुटुंबाला २०० एकर. जंगम मालमत्तेत कुटुंबाला एकूण १ लाख डॉलरपर्यंत, एकट्या माणसाला ५० हजार, आणि त्यात काय काय धरायचं याची यादी वाचून मी रात्री एक वाजता एकटाच हसत बसलो होतो. दोन बंदुका. दोन घोडे किंवा खेचरं किंवा गाढवं, खोगिरासकट. १२ गुरं, ६० इतर जनावरं, १२० कोंबड्या. धर्मग्रंथ तर त्या एक लाखाच्या हिशोबातसुद्धा धरत नाहीत, म्हणजे देवघरातली आईने दिलेली पोथी सगळ्यात सेफ. घरातली पाळीव जनावरं चालतात. बँकेतल्या रोख पैशाला मात्र यादीत जागाच नाही! गाढव ठेवता येतं, चेकिंग अकाउंट नाही.

हे सगळं मी आधी इंटरनेटवर वाचून आलो होतो, म्हणून निवांत होतो. टेक्सासमध्ये घर आहे, टेक्सास घराला हात लावू देत नाही, विषय संपला. आमचं घर ४ लाख ६५ हजारांचं, लोन ३ लाख ३५ हजार बाकी, म्हणजे १ लाख ३० हजार इक्विटी, पुण्याचा अख्खा फ्लॅट त्यात जिरलेला.

बाईंनी कॅलेंडर उघडलं. फाइल करायच्या तारखेच्या आधी सलग ७३० दिवस ज्या स्टेटमध्ये तुमचं बिऱ्हाड आहे त्या स्टेटची यादी लागते. ते भरत नसतील तर त्या ७३० दिवसांच्याही आधीचे १८० दिवस बघायचे, त्यातले जास्त दिवस जिथे काढले ते स्टेट. आमचे त्या दिवशी भरले होते ६५४. त्याआधीचे १८० दिवस कुठे? एडिसनला, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. म्हणजे शरीराने टेक्सासमध्ये, घर टेक्सासमध्ये, लायसन्स टेक्सासचं आणि कायदा न्यू जर्सीचा. सासर एकीकडे आणि रेशन कार्ड माहेरचं अशी गत.

मग त्यांनी कागदावर गणित मांडलं. आज फाइल केलं तर न्यू जर्सी, म्हणजे फेडरल यादी. फेडरल यादीत राहत्या घराला १ एप्रिल २०२५ पासून माणशी ३१,५७५ डॉलर (दर तीन वर्षांनी हा आकडा बदलतो), नवरा-बायको दोघांचे मिळून ६३,१५०. आमची इक्विटी १ लाख ३०. फरक जवळजवळ ६७ हजारांचा. घर विकायचा खर्च वजा केला तरी ट्रस्टीला विकायला परवडतं. आमचे ६३ हजार आमच्या हातात देऊन तो घर काढू शकतो.

बायको काहीच बोलली नाही. खिडकीबाहेर पार्किंग लॉट बघत होती.

तर पर्याय तीन. आत्ता सात, घराची रिस्क घेऊन. आत्ता तेरा, म्हणजे घर राहतं पण तिथे नियम असा की सातमध्ये देणेकऱ्यांना जेवढं मिळालं असतं निदान तेवढं तरी प्लॅनमधून द्यायचं, म्हणजे ते जादाचे पैसे पाच वर्षांत आमच्या पगारातून. किंवा ७६ दिवस थांबायचं. ११ ऑगस्टला ७३० पूर्ण.

(आणखी एक खुट्टा असतो, तोही सांगून ठेवतो. घर घेऊन १,२१५ दिवस व्हायच्या आत फाइल केलं तर टेक्सास-फ्लोरिडातसुद्धा त्या घराच्या संरक्षणाला माणशी २ लाख १४ हजारांची मर्यादा येते. बाहेरचे कर्जबाजारी श्रीमंत येऊन फ्लोरिडात बंगला घ्यायचे, सगळा पैसा त्यात कोंबायचे आणि मग दिवाळखोरी, ते बंद करायला २००५ मध्ये हे आणलं. आमची इक्विटी त्याच्या आतच होती, त्यामुळे आम्हाला लागलं नाही. बंगलेवाल्यांचा प्रॉब्लेम.)

थांबायचं ठरलं. थांबणं म्हणजे काय हे मात्र जो थांबलाय त्यालाच कळतं. कार्डं भरणं बंद केलेलं, फोन दिवसाला वीस-वीस. जूनच्या शेवटी एका देणेकऱ्याने जस्टिस कोर्टात केस टाकली, घरी माणूस कागद देऊन गेला, शेजारचे काका लॉनवर उभे. चौदा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्धे लोक घाबरून उत्तरच देत नाहीत आणि कोर्ट एकतर्फी निकाल देऊन मोकळं होतं. आम्ही उत्तर दिलं, तारीख पडली सप्टेंबरची. कार्डाच्या कर्जासाठी टेक्सासमध्ये पगारावर टाच आणता येत नाही हे एक बरं आहे, पण निकाल लागला की बँकेतल्या खात्यावर आणता येते. म्हणून सप्टेंबरच्या आत फाइल करणं आलं.

आता माझ्या चुका. सगळ्यात मोठी चूक ४०१के, म्हणजे कंपनीमार्फतचं रिटायरमेंटचं खातं. जुन्या कंपनीचं ४०१के होतं ७० हजारांच्या आसपास, त्यातले १८ हजार मी २०२४ मध्ये कार्डं भरायला काढले, १० टक्के पेनल्टी, वर टॅक्स. बाईंनी हे ऐकून पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हा एकच पैसा असा होता ज्याला कुणी बोट लावू शकलं नसतं. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की असल्या पेन्शन प्लॅनमधला पैसा दिवाळखोराच्या मालमत्तेत येतच नाही. आयआरएला, म्हणजे स्वतः उघडलेल्या रिटायरमेंट खात्याला, पण १७ लाख डॉलरच्या वरपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे जो पैसा कायद्याने लोखंडी पेटीत ठेवला होता तो मी स्वतः काढून, दंड भरून, ज्यांचं कर्ज एका वर्षाने माफच होणार होतं त्यांना नेऊन दिला. तुमच्यापैकी कुणी आत्ता रात्री ४०१केचं पेज उघडून "विथड्रॉ" बटणावर माउस फिरवत बसला असाल तर बंद करा ते, आधी वकिलाला भेटा.

दुसरी चूक मेव्हण्याची. म्हणजे मेव्हण्याची नाही, माझीच. त्याने मार्च २०२४ मध्ये मला ८ हजार दिले होते. त्याला नड आली तसे मी त्याच वर्षी २० ऑगस्टला परत केले, कार्डावरून कॅश काढून. नातं टिकलं पाहिजे ना, बँक काय परकीच. कायद्याला नेमकं हेच खटकतं. फाइल करायच्या आधीच्या एका वर्षात जवळच्या नातेवाइकाचं कर्ज फेडलं असेल तर ट्रस्टी त्या नातेवाइकाकडून ते पैसे परत मागू शकतो, बाकीच्यांना ठेंगा आणि घरच्यांना पूर्ण असं चालत नाही. बाहेरच्या देणेकऱ्याला दिलेल्यासाठी हीच मुदत ९० दिवस, नातेवाइकांना वर्ष. मेव्हणा नातेवाइकात बसतो, मी विचारून घेतलं, बायकोच्या देखत. म्हणून ११ ऑगस्टच्या वर आणखी नऊ दिवस थांबलो. २० तारीख गेली, २६ ला फाइल केलं.

फाइल करायच्या आधी एक ऑनलाइन काउन्सेलिंग कोर्स करावा लागतो, नंतर आणखी एक. दोन्ही क्लिक-क्लिक-क्लिक आहेत, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कोर्टाची फी ३३८ डॉलर.

लिहिण्यासारखं आहे ते सोनं.

वकिलीणबाईंना प्रत्येक वस्तूची किंमत हवी होती. सोफा, टीव्ही, दोन गाड्या, सगळं जुन्या बाजाराच्या भावाने, तो भाग एका संध्याकाळी झाला. मग त्या म्हणाल्या, ज्वेलरी? मी म्हटलं, थोडी आहे. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की ते "थोडी" तिथेच विरघळलं.

शनिवारी मुलं झोपल्यावर आम्ही डायनिंग टेबलवर केक करायचा डिजिटल काटा ठेवला. तिने डबा आणला. पाटल्या, तोडे, ठुशी, दोन चेन, तिच्या आजीची मोहनमाळ, कानातली, मुलांच्या बारशाच्या अंगठ्या ज्या आता माझ्या करंगळीच्या टोकावर पण जात नाहीत. एकेक ठेवायची, आकडा थांबला की मी वहीत लिहायचो. पाटल्या ४१ ग्रॅम. तोडे ५२. ठुशी ठेवल्यावर ती म्हणाली, "हिच्यात लाख आहे, एवढं सोनं नाहीये." मी बाजूला लिहिलं, लाख आहे. मग तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, आणि ते काट्यावर ठेवायच्या आधी विचारलं, "अरे, काळे मणी वजा करायचे का?" मला उत्तर देता येईना. ती पण मग हसायला लागली, आणि हसता हसता काय झालं ते मी लिहीत नाही. मणी वजा करून एकूण १९८ ग्रॅम.

सराफाकडून व्हॅल्युएशन आणलं, २० हजार डॉलरला थोडे कमी. आता बघा फरक. टेक्सासच्या यादीत दागिने त्या एक लाखाच्या २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे कुटुंबाला २५ हजार. सगळे १९८ ग्रॅम आत, मंगळसूत्रासकट. फेडरल यादीत दागिन्यांना माणशी २,१२५, दोघांचे ४,२५०, आणि घराची मर्यादा पूर्ण वापरल्यावर कशालाही लावता येईल असे माणशी १,६७५ उरतात, म्हणजे वर ३,३५०. बाकी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास सोनं उघड्यावर. तेच सोनं, तेच टेबल, तोच काटा, ७६ दिवसांचा फरक. मी देवाधर्माचं फार करत नाही पण ११ ऑगस्टला संध्याकाळी बायकोने देवापुढे साखर ठेवली तेव्हा मी पण हात जोडले.

ओळखीतल्या एकाने (नाव घेत नाही, चांगला माणूस आहे) सल्ला दिला होता की एवढी उठाठेव कशाला, सोनं इंडियाला पाठवून दे, आईच्या लॉकरमध्ये, इथल्या कोर्टाला काय कळतंय. आपल्यात हे सर्रास चालतं म्हणून स्पष्ट लिहितो. फॉर्मवर सही करताना शपथ असते, आणि कायद्यातले शब्द असे आहेत की मालमत्ता जगात कुठेही असो आणि कुणाच्याही ताब्यात असो, ती तुमच्या यादीत आली पाहिजे. लपवलेलं सापडलं तर कर्जमाफीच नाकारतात, वर पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद. आणि देऊन टाकलेलं सुद्धा मागची काही वर्षं उकरून काढता येतं, फेडरल कायद्याने दोन वर्षं, टेक्सासच्या कायद्याने साधारण चार. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण बँकरप्सी कोर्टात चालत नाही. ज्याला मोकळं व्हायचंय त्याने मूठ उघडायची, आणि गंमत म्हणजे उघडल्यावर बरंचसं कायदाच परत तुमच्या हातात ठेवतो.

माझ्या मुठीत आणखी दोन गोष्टी होत्या. एक, आईच्या साताऱ्याच्या एफडीवर दुसरं नाव माझं. पैसे सगळे तिचे, बाबांच्या पेन्शनचे, पण नाव आहे म्हणजे दाखवणं आलं, सोबत पासबुकाची झेरॉक्स आणि पैसा तिचाच आहे याचा खुलासा. दुसरी, जमीन.

बाबा २०१७ ला गेले. माण तालुक्यात ३८ गुंठे जिरायत, सातबाऱ्यावर चार नावं, आई, दादा, ताई आणि मी. मी त्या जमिनीत शेवटचा कधी उतरलो ते मला आठवत नाही, माझ्या डोक्यात ती माझी नव्हतीच, दादाची होती. पण वकिलीणबाई म्हणाल्या वारसाने आलेला हिस्सा आहे ना, मग आहे. टेक्सास २०० एकर सोडतं, पण राहत्या जागेचे. माणमधले माझे साडेनऊ गुंठे कुठल्याच यादीत बसत नव्हते.

सातबारा ऑनलाइन मिळतो, पण किमतीचा अंदाज द्यायला माणूस गावातलाच लागतो, म्हणून दादाला फोन करावा लागला. म्हणजे सांगावं लागलं. लेऑफपासून दीड वर्ष मी घरी "सगळं ठीक" एवढंच बोलत होतो. दादा ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "आरं मग आधी का नाही बोललास?" एवढंच. ताईचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती भडकली होती, आणि तिचं चूक नव्हतं. "तुझं कर्ज अमेरिकेत, आणि बांध आमचा का मोजायचा?" मी म्हटलं, ताई, फक्त कागदावर लिहायचंय. ती म्हणाली, कागदावर लिहिलं तेवढंच जातं बाबा, बाकी काय जात नसतं.

पुढचा महिना आमच्यात बोलणं नव्हतं.

फाइल केल्या क्षणी मात्र जादू होते. ऑटोमॅटिक स्टे लागतो, म्हणजे फोन बंद, पत्रं बंद, जस्टिस कोर्टातली केस जिथे आहे तिथे गोठली. वीस फोन यायचे तिथे शुक्रवारपर्यंत शून्य, मला वाटलं फोन बिघडला. फाइल करायचा दिवस पण बाईंनी हिशोबाने निवडला होता, मॉर्गेज गेलेलं, किराणा भरलेला, पगार यायचा होता, कारण रोख पैशाला टेक्सासमध्ये संरक्षण नाही हे वर लिहिलंच आहे. त्या दिवशी खात्यात २१२ डॉलर होते.

मग साधारण महिन्याभराने ट्रस्टीसमोर मीटिंग, ज्याला सगळे ३४१ मीटिंग म्हणतात. नाव असं की वाटावं कोर्टात पिंजऱ्यात उभं करणार. झूमवर झाली. जज नसतोच. आमच्या आधी सहा-सात लोकांचे नंबर, त्यामुळे वेटिंगमध्ये त्यांचं ऐकू येतं, एक ट्रक ड्रायव्हर, एक म्हातारी बाई हॉस्पिटलच्या बिलांमुळे आलेली, एक जोडपं ज्यांचं रेस्टॉरंट बंद पडलेलं. ते ऐकून माझ्या छातीवरचं अर्धं ओझं गेलं, खोटं कशाला बोलू. लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं, शपथ घ्यायची, मग ठरलेले प्रश्न. कागद वाचून सही केलीत का, सगळी मालमत्ता लिहिली का, कुणाला काही दिलंत का, कुणाकडून येणं आहे का. देणेकरी कुणीच आलं नव्हतं, बहुतेक वेळा येत नाहीत.

पाच मिनिटांत संपलं असतं, पण ट्रस्टी जमिनीपाशी थांबला. म्हातारा गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकावर. त्याने "गुंठा" शब्द तीन वेळा वाचायचा प्रयत्न केला. मी सांगितलं, ४० गुंठ्यांचा एक एकर. मग त्याने मनातल्या मनात गणित केलं आणि म्हणाला, म्हणजे तुमचा पाव एकरसुद्धा नाही? नाही. कुणाच्या ताब्यात आहे? भाऊ कसतो. वेगळी करून विकता येते का? इथे बाईंनी आधीच जोडलेलं टिपण दाखवलं, की वाटणी झालेली नाही, इतक्या छोट्या तुकड्याला तुकडेबंदी कायदा आडवा येतो, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी लागतो, आणि हिश्शाची किंमत दादाच्या अंदाजाने पावणेदोन लाख रुपये, म्हणजे दोन हजार डॉलर. ट्रस्टी जरा वेळ गप्प. मग त्याने विचारलं, तिथे पिकतं काय? मी म्हटलं, पाऊस झाला तर ज्वारी नाहीतर हरभरा. तो म्हणाला, माझे आजोबा पण पश्चिम टेक्सासमध्ये असंच सांगायचे.

वाटण्यासारखं काही नाही असा रिपोर्ट त्याने दिला आणि जमिनीचा नाद सोडला. विकायचा खर्च किमतीपेक्षा जास्त असेल तर ट्रस्टी वस्तू सोडून देतो, त्याला ते बंधनकारक नसतं पण व्यवहारात तसंच होतं. साताऱ्याच्या वकिलाला फी देऊन, तहसीलला चकरा मारून ताईशी भांडायला कोण जाणार ह्यूस्टनहून.

डिस्चार्जची, म्हणजे कर्जमाफीची, ऑर्डर नोव्हेंबरच्या शेवटी आली, एका पानाची, साध्या पोस्टाने, पिझ्झाच्या कूपनांच्या मध्ये. कार्डं, लोन, हॉस्पिटल सगळं गेलं. क्रेडिट रिपोर्टवर दहा वर्षं राहणार, ते राहू दे. स्टुडंट लोन, अलीकडचा इनकम टॅक्स, पोटगी असलं काही असतं तर ते सुटलं नसतं, ४०१के काढल्याचा टॅक्स मी हप्त्याने भरतोच आहे अजून. घर आहे. मॉर्गेज चालू आहे. पाटल्या बायकोने दिवाळीत घातल्या होत्या.

दादाला मी व्हॉट्सअॅपवर कळवलं, जमिनीचं काही होत नाही, कोर्टाने सोडून दिली. दोन दिवस निळ्या टिका नुसत्या. मग त्याने शेताचा फोटो टाकला, नांगरलेलं काळं रान, कोपऱ्यात ताई पदर खोचून उभी, आणि खाली मेसेज: "तुझ्या साडेनऊ गुंठ्यांत हरभरा टाकू का अमेरिकेच्या कोर्टाला विचारून कळवतो?"